झालं का?

पोटाची सोनोग्राफी करायची असली की फोनवर सांगतात, "लिटरभर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका आणि वेळेवर या." तिन्ही अटी फक्त पेशंटसाठी असतात. मी वेळेवर पोचलो तेव्हा डॉक्टर यायचे होते आणि बाकावर माझ्यासारखीच भरून आलेली मंडळी बसली होती. भरून आलेला माणूस लांबून ओळखू येतो. तो पेपर चाळत नाही, मोबाइल काढत नाही, शेजाऱ्याला 'कुठून आलात' असं विचारत नाही. गुडघे जुळवून समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत राहतो. पाटी एकच असते : 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी ती इतक्या एकाग्रतेने वाचत होतो, की शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या.

तेवढ्यात पांढऱ्या कोटातली एक मुलगी बाहेर आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, प्रेशर आलं का?"

अख्खं बाक माझ्याकडे बघायला लागलं. मी चोरी कबूल करावी अशा स्वरात "आलं" म्हणालो.

आत गेल्यावर पोटावर गारगार जेली थापली. डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अजून भरलं नाहीये. आणखी दोन ग्लास प्या."

"भरलं नाही? अहो, मला बोलवत नाहीये!"

"तुम्हाला वाटतंय भरलंय. मशीनला नाही वाटत."

पुन्हा बाक, पुन्हा पाटी. शेवटी एकदाचं मशीनलाही वाटलं. "व्वा, आता छान भरलंय!" डॉक्टर म्हणाले. माझ्या कुठल्याही अवयवाचं कोणी इतक्या मनापासून कौतुक केल्याचं मला आठवत नाही. मग ते म्हणाले, "आता जाऊन या. पूर्ण रिकामं करून या हं."

ज्या गोष्टीसाठी मी इतका वेळ तेहतीस कोटी देवांचा धावा करत होतो, तिची परवानगी मिळाली. दार लावलं. उभा राहिलो. आणि काही नाही. मघाशी दाराबाहेर जी गर्दी उसळली होती ती दार उघडल्याबरोबर घरी निघून गेली. थोडं आलं, थांबलं, विचार करून पुन्हा थोडं आलं. एवढ्यात बाहेरून कोणीतरी कडी वाजवली. कडी वाजली की आमच्याकडे चालू असतं तेही बंद पडतं.

"काका, झालं का?"

"झालं," मी म्हणालो. या प्रश्नाला बंद दाराआडून दुसरं उत्तर देता येत नाही.

पुन्हा जेली. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले. "जाऊन आलात ना?"

"आलो."

"मग हे काय?" आणि पडद्यापलीकडे टाइप करणाऱ्या मुलीला मोठ्याने, "लिही गं. लघवीनंतर शिल्लक, 160 मिली."

बाहेरून त्या मघाच्या बाईंचा आवाज आला, "अगं बाई!"

तो रिपोर्ट घेऊन मी मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, प्रोस्टेट ग्रंथी साधारण 20 ग्रॅमची असते, तुमची 55 ग्रॅमची आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कशातही एवढी वाढ झाली नव्हती. ग्रंथी अशा ठिकाणी आहे की लघवीची नळी तिच्या बरोबर मधून जाते, त्यामुळे ती वाढली की नळी आवळली जाते. आमच्या सोसायटीच्या प्लंबरवर कितीही आरोप झाले असले, तरी असा आराखडा त्यानेही कधी काढला नव्हता. मूत्राशयाचा स्नायू बिचारा जोर लावून लावून आधी जाड होतो आणि मग थकतो. थकला की जेवढं जमेल तेवढं बाहेर टाकतो आणि बाकीचं उद्यावर ढकलतो. हे वर्णन ऐकून मला पहिल्यांदाच तो अवयव माझा वाटला. मीही नोकरी तशीच केली होती.

मग त्यांनी एक कागद दिला. त्यावर सात प्रश्न असतात. पूर्ण रिकामं झाल्यासारखं वाटत नाही असं किती वेळा होतं, धार मधेच तुटते का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता, असे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण 35. आपल्याकडे 35 म्हणजे काठावर पास. इथे 35 म्हणजे पुढे बोलायला नको. सात गुणांपर्यंत सौम्य, वीसपासून पुढे गंभीर. पण मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या हातात गुणांचा कागद दिला की त्याला कमी गुण मिळवणं जड जातं. बायको शेजारी बसून वाचत होती.

"रात्री दोनदा काय लिहिताय? दर वेळी दिवा लावता तेव्हा मी जागी असते."

"बरं, तीनदा लिहितो."

"जोर करावा लागतो का, तिथे शून्य? आणि मग आतून विठ्ठल-विठ्ठल कोण म्हणत असतं?"

माझा पेपर तिने सोडवला. खाली एक आठवा प्रश्न असतो : उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर तुम्हाला कसं वाटेल? मी लेखणी घेऊन विचार करत बसलो. बायको म्हणाली, "मला विचारा."

पुढची तपासणी धारेच्या वेगाची. एका खोलीत नरसाळं लावलेलं यंत्र असतं. त्यात लघवी करायची आणि बाहेर संगणकावर आलेख उमटतो. निरोगी माणसाची धार सेकंदाला 15 मिलीच्या वर जाते, 10 च्या खाली आली की कुठेतरी अडतंय असं समजतात. शिवाय एकूण 150 मिली तरी झाली पाहिजे, नाहीतर तपासणी धरतच नाहीत. लहानपणी गॅदरिंगला स्टेजवर ढकलून 'म्हण कविता' म्हटल्यावर माझी जी अवस्था व्हायची तीच झाली. बाहेरचा तंत्रज्ञ धीर देत होता, "रिलॅक्स, काका. घरी करता तसं करा." आता याला कसं सांगणार की घरी करतो तसंच चाललंय! शेवटी आलेख निघाला. डॉक्टरांनी शेजारी निरोगी माणसाचा नमुना ठेवला. तो घंटेच्या आकाराचा, डौलदार. माझा जमिनीलगत सुरू होऊन जमिनीलगतच कागदाच्या टोकापर्यंत गेला होता आणि वाटेत दोन-तीनदा बसला होता.

गोळी सुरू झाली. ती ग्रंथीचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते. रात्री घ्यायची आणि उठताना एकदम उठायचं नाही, कारण रक्तदाबही सैल पडतो. म्हणजे लघवीची घाई झाली की आधी कुशीवर वळायचं, मग बसायचं, मग पाय खाली सोडायचे, जरा थांबायचं, मग उभं राहायचं. घाई तोवर थांबते असं गृहीत धरलेलं आहे. याच सुमारास मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलो, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लघवीची काही गोळी चालू आहे का?"

मी बाहेर जाऊन पाटी बघून आलो. नेत्र रुग्णालयच होतं.

त्यांनी समजावलं, की या गोळीने बुबुळाचा पडदाही सैल पडतो आणि ऑपरेशनच्या वेळी फडफडतो. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी 2005 मध्ये हे जगासमोर मांडलं. सर्जनला आधी माहीत असलं की तो तयारीने उतरतो. डोळा उत्तम झाला. पण शरीराच्या एका टोकाला सोडलेला हुकूम दुसऱ्या टोकाने इतक्या तत्परतेने पाळावा आणि ज्याच्यासाठी सोडला त्याने विचार करून सांगतो म्हणावं, याला काय म्हणायचं?

डॉक्टरांचा दुसरा सल्ला जास्त अपमानकारक होता. "बसून करत जा." मी घरी हे दबक्या आवाजात सांगितलं. बायकोने हातातली भाजी खाली ठेवली. "चाळीस वर्षं मी काय सांगत होते? सासूबाई काय सांगत होत्या?" त्या दोघी कमोडच्या स्वच्छतेच्या बाजूने बोलत होत्या, विज्ञानाच्या नव्हे, हा फरक मी दाखवून दिला. पण हॉलंडच्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये यावरचे सगळे अभ्यास एकत्र केले आणि निष्कर्ष काढला, की प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी बसून केली तर आत सुमारे 25 मिली कमी उरते. निरोगी पुरुषांना उभं काय नि बसून काय, फरक पडत नाही. आता माझ्या घरात त्या डच मंडळींना सासूबाईंच्या बरोबरीचा मान आहे.

तिसरा सल्ला, एकदा झाली की उठायचं नाही. मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. त्यामुळे आमच्या घरात सकाळी साडेसातला असे संवाद होतात :

"अहो, झालं का?"

"एक झालं. दुसरं व्हायचंय."

नळ सोडून ठेवायचा उपाय मी स्वतःच शोधला होता. पाण्याचा आवाज ऐकला की काम होतं. पण आमच्याकडे मार्चपासून टँकर येतो, आणि सोसायटीच्या सभेत 'काही सभासद नळ उघडे ठेवतात' असा विषय निघाल्यावर बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की मी चहाचं बिल मंजूर करायला उभा राहिलो. नळ बंद झाला आणि माझंही.

याच काळात नातू राहायला आला. दोन वर्षांचा. त्याचं लंगोट सोडवण्याचं शिक्षण चालू होतं. सून त्याला ठरावीक वेळाने बाथरूममध्ये नेऊन उभा करायची आणि आपल्या आया-आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेला तो आवाज काढायची, "शूऽऽऽ... शूऽऽऽ..." मी भिंतीपलीकडच्या संडासात बसलो होतो. दुसऱ्या खेपेची वाट बघत. आणि काय सांगू! इतक्या महिन्यांत गोळीने, नरसाळ्याने, विठ्ठलाने जे केलं नाही ते सुनेच्या त्या आवाजाने केलं. पलीकडून सून वैतागून म्हणत होती, "अरे कर ना रे, केव्हाची उभी आहे!" आणि अलीकडे आजोबांचं पूर्ण झालं होतं.

त्या दिवसापासून मी नातवाच्या वेळा सांभाळू लागलो. सुनेने त्याला उचललं की मी पेपर खाली ठेवायचो. "बाबांना आणि याला बरोबर एकाच वेळी कशी लागते?" असं तिने मुलाला विचारल्याचं मी ऐकलं. नातू हुशार निघाला. महिनाभरात न सांगता स्वतःहून जायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला गलबलून आलं, ते कौतुकाने आलं असा सगळ्यांचा समज झाला. तो परत बंगळुरूला जायच्या आधी मात्र मी एक शहाणपणा केला. शेवटच्या एका प्रशिक्षणाच्या वेळी मोबाइल बाथरूमच्या दाराशी ठेवला आणि तो आवाज रेकॉर्ड करून घेतला.

हे सगळं बाहेर कोणाला माहीत नव्हतं. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर शुगर आणि बीपी यांचे आकडे लोक क्रिकेटच्या धावसंख्येच्या तोऱ्यात सांगतात. 'माझी तीनशे होती, तरी मी जिलबी खाल्ली' असं म्हणणाऱ्याकडे आदराने बघतात. बायपास झालेला तर शर्टाचं बटण काढूनच बसतो. पण लघवीबद्दल एक अक्षर नाही. कोणीही मधेच उठायचा तो 'जरा फोन करून येतो' म्हणून उठायचा, आणि फोन कट्ट्यावरच राहिलेला असायचा.

गुपित फुटलं ते नाटकाच्या मध्यंतरात. पूर्वी नाटकं तीन अंकी असत आणि मध्यंतरं दोन. मग दोन अंकांची पद्धत आली. ही सुधारणा नक्की कोणा तरण्याताठ्याने केली असणार. प्रेक्षक मात्र तेच राहिले, फक्त तीस वर्षांनी मोठे झाले. त्यामुळे मध्यंतरात पुरुषांच्या बाजूला जी रांग लागते ती सरकत नाही. पुढे उभे असलेले चौघेही छताकडे बघत चिंतन करत असतात. मागचे खाकरतात. खाकरलं की पुढच्याचं पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या घंटेला माझा नंबर आला आणि शेजारच्या भांड्यासमोर आमच्या कट्ट्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर उभे.

"हात धुवायला आलो होतो," ते म्हणाले.

"मीही," मी म्हणालो.

मग आम्ही दोघेही बराच वेळ तिथेच उभे राहिलो. आत दुसरा अंक सुरू झाला. टाळ्या ऐकू आल्या. शेवटी तेच हळूच म्हणाले, "तुमची किती उरते?"

"एकशे साठ."

"माझी दोनशे दहा," ते म्हणाले, आणि आवाजात जरासा विजय होता.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बांध फुटला. बांध फुटला हे बोलण्यापुरतंच. सगळ्यांचीच उरत होती. एकाने धणे-जिऱ्याचं पाणी सांगितलं, दुसऱ्याने गोखरू, तिसऱ्याने वायवरणा, चौथ्याने भोपळ्याच्या बिया. संध्याकाळी सहानंतर पाणी कमी करा असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तर मुतखडावाल्या पोस्टमास्तरांना त्यांच्या डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर प्या म्हणून दटावलं होतं. त्यांना दोन्ही आजार होते. ते बाटली घेऊन बसत आणि तिच्याकडे बघत. संस्कृतचे एक प्राध्यापक म्हणाले, सुश्रुताने मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितलेत. लगेच प्रत्येक जण आपला प्रकार कितवा ते विचारायला लागला. एकाला तर दोन हवे होते.

इतिहासाचे मास्तर गप्प होते. त्यांनी हात वर केला आणि टायको ब्राहेची गोष्ट काढली. हा मोठा खगोलशास्त्रज्ञ. 1601 सालच्या ऑक्टोबरात प्रागमध्ये एका सरदाराकडे मेजवानीला गेला. जेवताना लागली, पण यजमानाच्या आधी टेबलावरून उठणं शिष्टाचाराला धरून नव्हतं म्हणून तसाच बसून राहिला. घरी गेला तर होईना. अकरा दिवसांनी वारला. पुढे लोकांना विषप्रयोगाचा संशय येत राहिला, म्हणून 2010 मध्ये त्याची कबर पुन्हा उघडली, पण पाऱ्याने मेला असं काही दिसलं नाही.

"म्हणजे पंगतीतून उठायचं नाही, हे तिकडेही होतं?" पोस्टमास्तर म्हणाले.

इथे मला माझ्या साडूंची आठवण झाली. ते भाचीच्या लग्नात वधूचे मामा होते. सर्दी झाली होती म्हणून सकाळी सर्दीची गोळी घेतली. प्रोस्टेटवाल्यांना या गोळ्या वैरी असतात. नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि शिंका थांबवणारं औषध त्याचा स्नायू ढिला करतं. त्यात मामाला मांडवातून हलता येत नाही. मुलीला बोहल्यावर आणायला मामा, अंतरपाटाशी मामा, पंगतीत व्याह्यांना आग्रह करायला मामा. रात्री त्यांची पूर्ण तुंबली. दवाखान्यात नळी घालून लिटरभर काढली आणि डॉक्टर म्हणाले, नळी काही दिवस राहू दे, मग काढून बघू. दुसऱ्या दिवशी रिसेप्शन. साडू हट्टाने आले. नळीची पिशवी दिसू नये म्हणून त्यांनी ती सराफाकडच्या मखमली पिशवीत घालून हातात धरली होती. दाराशी उभे होते. आलेल्या पाहुण्यांनी वधूचा मामा, हातात मखमली पिशवी, एवढंच बघितलं आणि एकामागून एक आहेराची पाकिटं तिच्यात टाकायला सुरुवात केली. घरी येऊन त्यांनी ती वाळत घातली.

मास्तर म्हणाले, नळीला हसू नका. बेंजामिन फ्रँकलिनने 1752 मध्ये आपल्या आजारी भावासाठी लवचिक नळी बनवून घेतली होती, चांदीची. शंभर डॉलरच्या नोटेवर चित्र आहे तोच हा. हे मी साडूंना फोनवर कळवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "चांदीची? मला रबराची घातली हो."

आता एवढा मोकळेपणा झाल्यावर मला माझ्याकडची ठेव लपवून ठेवणं बरं वाटेना. मी मोबाइल काढून तो आवाज ऐकवला. कट्टा स्तब्ध झाला. बँक मॅनेजर उठले आणि 'जरा फोन करून येतो' म्हणून बागेच्या कोपऱ्यातल्या मुतारीकडे निघाले. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून सगळे एकदम म्हणाले, "फॉरवर्ड करा." आमच्या ग्रुपवर सुप्रभात, फुलं आणि राजकारण टाकायला बंदी आहे. अॅडमिनने स्वतः ही ध्वनिफीत वरती पिन केली. काहींनी ती रिंगटोन म्हणून लावल्याचं मला नंतर कळलं.

गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सर्वांत वयस्कर सभासद चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले. श्रद्धांजली सभेला हॉल भरला होता. अध्यक्षांनी गहिवरून भाषण केलं आणि आम्ही सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिलो. मान खाली, हात पुढे. आणि अर्ध्या मिनिटाने पोस्टमास्तरांच्या खिशातून माझ्या सुनेचा आवाज आला. "शूऽऽऽ... शूऽऽऽ..." पोस्टमास्तरांना चष्म्याशिवाय फोन बंद करता येत नाही. आधी दुसऱ्या रांगेत चुळबूळ झाली. मग तिथले दोघे पाठमोरे झाले. मग तिसरी रांग, मग चौथी. कोणी एकमेकांकडे बघितलं नाही, पण चालण्यात एक ठाम निश्चय होता. अध्यक्षांनी डोळे उघडले तेव्हा समोर महिला विभाग तेवढा उभा होता. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, एक पाय दुसऱ्या पायावर घेतला आणि माइक जवळ ओढून म्हणाले, "उरलेलं मिनिट आपण चहानंतर पाळू."